लाईनलगतची सुविधा

कुरकुंभच्या एका औषध कंपनीत मी कॉस्टिंगला आहे. कशाला किती पडतं ते सांगणं हे माझं काम. एका पाकिटाला फॉइल किती, पावडर किती, वीज किती, बाई किती. हो, बाईसुद्धा. आमच्या तक्त्यात "मॅनपॉवर" असा रकाना असतो आणि त्यात माणसं मिनिटांत मोडून बसवलेली असतात. हे काम मला आवडतं, लपवायचं काही कारण नाही. मी मूळची केंदूरची. घरी सगळे अंदाजानं बोलायचे, "लई पीक आलं", "काय बी राह्यलं न्हाई". लहानपणापासून माझं डोकं फिरायचं, की लई म्हणजे किती? त्याच नादात अर्थशास्त्रात एम.ए. झाले. लग्न होऊन दौंडला आले. नवरा रेल्वेत आहे. तो म्हणतो, हिच्यापुढं कुणी हुंदका दिला तरी ही आधी घड्याळ बघेल. थट्टा आहे, पण अगदीच खोटी नाही.

आमच्याकडे एक लाईन आहे. जुलाब झाल्यावर पाण्यात घालून प्यायची मीठ-साखरेची पावडर तिथं पाकिटांत भरतात. तेव्हा यंत्र जुनं होतं. पाकीट तपासणं, डब्यात लावणं, डबे खोक्यात भरणं, सगळं हातानं चालायचं. तिसेक बायका होत्या, सगळ्या कंत्राटी. दौंडमधून, केडगावच्या बाजूनं, आसपासच्या खेड्यांतून कंपनीच्या बसनं यायच्या. पावडर दमट होऊ नये म्हणून त्या खोलीतली हवा मुद्दाम कोरडी ठेवतात. पाच मिनिटं उभं राहिलं तरी ओठ सुकतात.

साहेबांची, म्हणजे आमच्या प्लँट हेडची तक्रार अशी होती, की ही लाईन सकाळी झकास चालते आणि अकरानंतर मंदावते. कारणही त्यांनी ठरवून टाकलं होतं. बायका गप्पा मारतात. लाईनच्या सुपरवायझरचंही तेच मत. कंत्राटदार बदलावा, नव्या पोरी आणाव्यात, असा दोघांचा विचार चालला होता. त्यासाठी आकडे हवे होते, म्हणून मला पाठवलं.

मी स्टॉपवॉच आणि वही घेऊन तीन दिवस एका उलट्या ड्रमवर बसले. पहिल्याच दिवशी गप्पांचा निकाल लागला. सकाळी बायका मनसोक्त बोलायच्या आणि हात सटासट चालायचे. अकरानंतर बोलणं बंद व्हायचं, आणि त्याबरोबर हातही जड व्हायचे. कुणी कपाळ दाबायचं, कुणी टेबलाला टेकायचं. म्हणजे साहेबांचं म्हणणं बरोबर उलटं होतं. मला आनंद झाला, कारण साहेब चुकलेले असले की मला तो होतोच.

पण मंदावण्याचं कारण काही सापडेना. ते सापडलं कपडे बदलायच्या खोलीत. तिथल्या कठड्यावर बायकांच्या पाण्याच्या बाटल्या ओळीनं ठेवलेल्या असायच्या. सकाळी भरलेल्या. संध्याकाळी शिफ्ट सुटताना मी सहज पाहिलं, तर तेवढ्याच भरलेल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. बायका घरून पाणी आणत होत्या आणि फिरवून घरी नेत होत्या.

लाईनवर सगळ्यात जुनी बाई होती, तिला सगळ्या आक्का म्हणायच्या. पंचेचाळिशीची असेल. नवऱ्याला दिसायचं कमी, त्यामुळं घर तिच्या पगारावर. जेवणाच्या सुट्टीत मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि विचारलं, "आक्का, पाणी का पीत नाही कुणी?"

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. एवढी शिकलेली बाई असं कसं विचारते, असा तो चेहरा. "पानी पिल्यावर पुढं काय व्हतं मॅडम?"

मग तिनं सांगितलं. जायचं झालं की आधी गाऊन, टोपी, हातमोजे काढायचे. सुपरवायझरला कशाला जायचंय ते तोंडानं सांगून त्याच्याकडून बिल्ला घ्यायचा. बिल्ले दोनच, अख्ख्या लाईनला. दोन्ही बाहेर असले तर वाट बघायची. मग स्टोअरला वळसा घालून गेटपाशी जायचं, कारण कंत्राटी बायकांची बाथरूम तिथं. आलं की हात धुऊन पुन्हा सगळं अंगावर चढवायचं. मी घड्याळ लावून स्वतः जाऊन आले. सतरा मिनिटं लागली, आणि मी भरभर चालणारी बाई आहे. सुपरवायझर प्रत्येकीची वेळ वहीत टिपायचा. जिच्या नावापुढं वेळा जास्त, तिला महिनाअखेर कंत्राटदार म्हणायचा, "तू जरा थांब." थांब म्हणजे उद्यापासून येऊ नकोस.

यावर बायकांनी आपसांत एक पद्धत बसवली होती. बिल्ल्याला नंबर लावायचा, पण आधी आली तिचा आधी, असा नाही. जिची पाळी चालू आहे ती पहिली. मग पोटुशी. मग साखरेचा आजार असलेली. बाकीच्यांनी सकाळच्या चहानंतर घोटभरही पाणी प्यायचं नाही, म्हणजे प्रश्नच नको. कोण कितव्या नंबरला ते रोज सकाळी बसमध्येच ठरायचं, आणि ठरवायची आक्का. पोरी लाजायच्या, म्हणून त्यांच्यासाठी सुपरवायझरकडं बिल्लाही तीच मागायची. टंचाईत वाटप कसं करावं यावर मी एम.ए.ला अख्खा पेपर दिला आहे. किमतीशिवाय, गरजेच्या क्रमानं आणि भांडण न होता केलेलं वाटप मी प्रत्यक्षात पहिल्यांदा पाहिलं ते या बसमध्ये.

"आणि तुमचा नंबर?" मी आक्काला विचारलं.

"माजा कशाला? मला सवं झालीया."

सवय कसली, तिला दोनदा दौंडला सलाईन लागलं होतं. लघवीला आग, थंडी वाजून ताप. डॉक्टरनं बजावलं होतं, रोज तीन लिटर पाणी प्या, नाहीतर किडनीवर जाईल. "म्या म्हनलं डॉक्टरला, पिते की तीन लिटर. तुमी येऊन माज्या जाग्याला हुबं ऱ्हावा," असं सांगून आक्का हसली. बाकीच्याही हसल्या. मला हसू आलं नाही. आमच्या मजल्यावर स्टाफच्या बायकांसाठी वेगळी बाथरूम आहे, आरसा-बिरसा असलेली. तिची किल्ली चार वर्षं माझ्या पर्समध्ये होती. चार वर्षांत खालच्या बायका कुठं जात असतील, हा प्रश्न मला पडला नव्हता. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो, तसा तो आला.

त्या रागात मी रिपोर्ट लिहायला बसले. नवऱ्यानं डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "एवढं काय लिहितेस? सरळ लिही, बायकांना लघवीला जवळ जागा नाही, ती द्या."

"मीटिंगला आठ पुरुष असतात," मी म्हटलं. "त्यांच्यापुढं मी असलं बोलू?"

मी माझ्या पद्धतीनं लिहिलं. लाईनलगत सुविधेचा अभाव. त्यामुळं पाण्याचं प्रमाण कमी. त्यामुळं अकरानंतर कार्यक्षमतेत घट. सोबत तासागणिक उत्पादनाचा आलेख. सुविधा उभारायला इतका खर्च, वाचणारं उत्पादन इतकं, खर्च सात महिन्यांत वसूल. अख्ख्या रिपोर्टात आणि मीटिंगमध्येही मी "सुविधा" हा एकच शब्द वापरला. आठही पुरुष गंभीर चेहऱ्यानं आलेख बघत होते. कुणालाच अवघड वाटलं नाही, मलाही नाही. साहेबांनी दहा मिनिटांत मंजुरी दिली.

एचआरचे एक अधिकारी होते, निवृत्तीला आलेले. ते मध्येच म्हणाले, "साहेब, खरं तर हे आपण कायद्यानंच द्यायला हवं. गेटजवळचं कागदावर दाखवायला ठीक आहे."

"अहो, कायदा कशाला काढताय?" साहेब म्हणाले. "मॅडमनी फायद्यात बसवून दिलंय ना!" सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यांदा मी हसले. मीटिंगचा वृत्तांत लिहायचं काम माझ्याकडेच असतं. एचआरच्या अधिकाऱ्यांचं ते वाक्य मी त्यात घेतलं नाही. आता मंजुरी मिळाल्यावर त्याची गरज काय, असं वाटलं.

दोन महिन्यांत लाईनच्या मागच्या भिंतीला लागून दोन बाथरूम झाल्या. आत गाऊन अडकवायला खुंट्या. बिल्ले बंद, वही बंद. कठड्यावरच्या बाटल्या दुपारीच रिकाम्या दिसायला लागल्या आणि बायका नळावर पुन्हा भरून घ्यायला लागल्या. दुपारचं उत्पादन मी लिहिलं होतं त्याहून थोडं जास्तच वाढलं. आक्काचा ताप गेला. चेहऱ्यावर जरा तजेला आला. एकदा जिन्यात भेटली तर म्हणाली, "मॅडम, आता डॉक्टरच म्हनतो, दिसला न्हाईसा लई दिवसात."

मी हवेत होते. शिरूरच्या एका कॉलेजनं मानवी हक्क दिनाला मला बोलायला बोलावलं, कारण तिथल्या प्राध्यापिका माझ्या ओळखीच्या. न्हावऱ्यावरून एसटीनं गेले. "हक्क परवडतात" असा विषय मीच दिला होता. तासभर बोलले. हक्कांसाठी मोर्चे काढता, निवेदनं देता, त्यापेक्षा हिशेब मांडायला शिका, मालक हिशेबाची भाषा ऐकतो, असं बरंच काही. लाईनची सगळी गोष्ट सांगितली, अर्थात तिथंही "सुविधा" म्हणूनच. टाळ्या पडल्या. शाल आणि नारळ घेऊन परत आले. पुढं आणखी दोन ठिकाणी बोलावलं, तिथंही हेच भाषण केलं.

दीड वर्षानं लाईनला नवं यंत्र आलं. भरणं, तपासणं, डब्यात लावणं, सगळं ते एकटं करतं. तिसातल्या सहा बायका ठेवल्या, फक्त खोकी भरायला. आक्का जुनी आणि हाताची पक्की, म्हणून त्या सहांत राहिली. यंत्राला फॉइलचे मोठाले रोल लागतात आणि ते ठेवायला लाईनजवळ जागा नव्हती. साहेबांनी मला बोलावलं. माझा जुना रिपोर्ट त्यांच्यापुढं होता. म्हणाले, "मॅडम, हेच गणित सहा बायका धरून एकदा करून द्या."

काय येणार ते मला करण्याआधीच कळलं होतं. आता वेग यंत्राचा होता. बाईचे हात मंदावले तरी पाकिटं तेवढीच पडणार. वाचणारं उत्पादन जवळजवळ शून्य. उलट त्या जागेत रोल ठेवले तर स्टोअरपासूनची वाहतूक वाचत होती. मी आकडे वाकवून पाहिले, खोटं कशाला सांगू. आजारपणाचा खर्च धरावा म्हटलं, तर तो कंपनीच्या अंगावर येतच नव्हता. कंत्राटी बाई आजारी पडली की तिची त्या दिवसाची मजुरी बुडते, दवाखाना तिचा ती करते, आणि तिच्या जागी कंत्राटदार दुसरी पाठवतो. आक्काची किडनी माझ्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. इतकी वर्षं मी हे तक्ते करते आहे, पण एखादी गोष्ट तक्त्यात नाही म्हणजे तिची किंमत दुसरंच कुणीतरी भरतंय, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं.

मी साहेबांना म्हटलं, "असू द्या ना त्या बाथरूम. सहा तर सहा."

साहेब वाईट माणूस नाहीत. ते हसून म्हणाले, "फॉर्म्युला तुमचाच आहे मॅडम, मी कुठं काय म्हणतोय?"

आठवड्यात आत रोल रचले गेले. दारांना कुलपं लागली. खुंटीवर बिल्ला आला, या वेळी एकच. कठड्यावर सहा बाटल्या, सकाळ-संध्याकाळ भरलेल्या.

हिशेबच वाईट, असं मी म्हणणार नाही. मी वही घेऊन बसले नसते तर आजही सगळे "बायका गप्पा मारतात" यावरच थांबले असते. दुखतंय कुठं, ते हिशेबानं सापडलं. माझं चुकलं ते त्याच्या पुढं. द्यायचं की नाही हेसुद्धा मी हिशेबालाच विचारलं, आणि ज्या दिवशी त्याचं उत्तर बदललं त्या दिवशी माझ्या हातात दुसरं काही नव्हतं.

एक दिवस आक्का जिना चढून थेट माझ्या टेबलापाशी आली. कंत्राटी बायका वर येत नाहीत. म्हणाली, "मॅडम, तवा तुमी साहेबास्नी काय लिवलं व्हतं? वाचून दावता का?"

मी फाईल काढली आणि एकेक वाक्य वाचत गेले. अभाव, कार्यक्षमता, घट, वसुली. ती टेबलाच्या कडेला हात ठेवून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "ह्यात आमाला लागतंय म्हनून कुटं हाय?"

मी पान उलटलं. दुसऱ्या पानावर आलेख होता. आक्का म्हणाली, "ऱ्हाऊ द्या," आणि खाली गेली. तिच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

पंधरा-वीस दिवसांनी खाली गेले तर तिच्या जागी दुसरीच बाई. सुपरवायझर म्हणाला, ताप आला म्हणून ॲडमिट होती, कंत्राटदारानं थांबवलं. पुढच्या सोमवारी मीटिंग होती. मी नेहमी बसून बोलते, त्या दिवशी उभी राहिले. लॅपटॉप उघडला नाही. म्हटलं, "लाईनवरच्या बायकांना लघवीला जायला जवळ जागा पाहिजे. ती आपण काढून घेतली आहे. ती परत द्यायला हवी."

माझे कान तापले होते. आठ पुरुषांनी आठ दिशांना पाहिलं. साहेब म्हणाले, "पण पेबॅक? वसुली बसते का?"

"बसत नाही. मीच काढलाय. सहा बायका असल्या तरी लागते, एक असली तरी लागते."

एचआरचे ते अधिकारी अजून होते, महिना राहिला होता त्यांचा. ते म्हणाले, "हे मिनिट्समध्ये घ्या." मी ते वृत्तांतात घेतलं. साहेबांनी लेखी मागितलं, तेही दिलं, अर्ध्या पानाचं. आलेख नाही, वसुली नाही, कायद्यात काय आहे ते एका ओळीत. प्रत मुख्य ऑफिसला. मग महिनाभर काहीच झालं नाही, आणि एका शनिवारी रोल पत्र्याच्या शेडमध्ये हलवले गेले. दारावर आता एक पाटी आहे, मजकूर माझा: "लाईनवर एकच महिला कामगार असली, तरी हे प्रसाधनगृह उघडे राहील."

पाटीचा फोटो काढून मी आक्काला शोधत गेले. केडगावच्या अलीकडं एका बागायतदाराच्या कांद्याच्या चाळीत ती कांदा निवडायला बसली होती. वाळली होती. डॉक्टरनं एक किडनी निम्म्यावर आल्याचं सांगितलं होतं. मजुरी कंपनीच्या निम्म्यानं, पीएफ नाही, काही नाही.

"हितं बरं हाय," ती म्हणाली. "पानी पायजे तवा पिते. बाजूला ऊस हाय, आडोसा व्हतो."

"आणि ऊस तुटून गेल्यावर?"

"तवाचं तवा."

मी फोन पुढं केला आणि पाटी वाचून दाखवली. परत ये म्हटलं, कंत्राटदाराशी मी बोलते. तिनं मान हलवली. डॉक्टरनं सारखं उभं राहायचं काम बंद केलं होतं, आता तिथं येऊन उपयोग नव्हता. मग म्हणाली, "परत वाचा." मी परत वाचली.

"एक असली तरी," ती म्हणाली. "चांगलं लिवलंय. पयल्यांदाच आसं का न्हाई लिवलं वो?"

दुसरं काही सांगता आलं असतं. मी खरं ते सांगितलं. "लाज वाटली आक्का. साहेबांपुढं ते बोलायची."

तिनं हातातला सडका कांदा बाजूला टाकला.

"तुमाला एकदाच बोलायचं व्हतं मॅडम," ती म्हणाली. "मी रोज बोलत व्हते त्या सुपरवायझरपाशी. ऐकू आलं तरी त्यो दोनदा इचारायचा."